शेवट मी बघितला, दर्शूने नाही

शुक्रवारी आम्ही तिघी वापीला सिनेमाला गेलो. मी, माझी नणंद दर्शू आणि माझी सात महिन्यांची मुलगी. बघणाऱ्यांनी बघितलं आणि आमच्या गावात, झाईला, आम्ही पोचायच्या आधीच बातमी पोचली... म्हणून म्हटलं मीच सांगते सगळं.

दर्शू तलासरीला कॉलेजला जाते. सिनेमा म्हणजे तिचा जीव. मोबाइलवर बघितलेला सिनेमा ती बघितला म्हणतच नाही... मोठ्या पडद्यावर, अंधारात, शेवटची नावं सरकून संपेपर्यंत ती जागची हलत नाही.

आणि ती एकटी कुठे बघते... आमच्या वाडीत शेडमध्ये आम्ही बायका चिकू निवडायला बसतो. दर्शू सिनेमाला गेली की तिच्या वाटचे क्रेट बाकीच्या भरतात. दुसऱ्या दिवशी ती पूर्ण सिनेमा सांगते, मारामारीचा आवाजसुद्धा तोंडाने काढते. गेली कित्येक वर्षं आमच्या शेडमधल्या बायकांनी असेच सिनेमे बघितलेत.

पण कोणीतरी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन सांगितलं की तुमची पोरगी वापीला थिएटरबाहेर उभी होती. बाबा भडकले. म्हणाले, परत एकटी गेलीस तर कॉलेज बंद. जायचंच असेल तर घरातली बाई सोबत पाहिजे.

घरातली बाई म्हणजे कोण? सासूबाईंचे गुडघे दुखतात. राहिले मी... आणि मी येणार नाही हे बाबांना पक्कं माहीत होतं.

कारण मी घाबरट आहे. माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, दवाखान्यात पेटीत ठेवली होती. तेव्हापासून मी तिला डोस आणि बारसं सोडून फाटकाबाहेर नेलंच नाही. झोपली की नाकाजवळ बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना...

दर्शूने मला एकदाही विचारलं नाही. तेच मला लागलं. नवा सिनेमा लागला तरी ती गप्प, शेडमध्ये बायका विचारतात तरी गप्प. मग मीच म्हटलं, चल, मी येते.

सासूबाईंनी मुलीच्या तळपायाला काजळ लावलं आणि टोपरं नीट बांधलं.

तलासरीहून हायवेला वापीची गाडी पकडली. वाटेत मी दहादा म्हटलं, परत जाऊया... दर्शू नुसती माझी पिशवी धरून बसली होती.

थिएटरच्या दारात पिशवी तपासली. त्यात मुलीच्या नाचणीच्या पेजेचा डबा होता, तो त्याने काढून घेतला. तो माणूस गुजरातीत म्हणाला, बहारनुं नहीं चाले बेन, म्हणजे बाहेरचं खाणं चालणार नाही. मी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. पण म्हटलं, "हिला अजून दात नाहीत भाऊ. तुमचा पॉपकॉर्न ही कशाने खाणार?" मागे उभ्या बायका हसल्या. त्याने डबा परत दिला.

आत काळोख... आणि आवाज एवढा की छाती हलते. थोडा वेळ मुलगी गप्प होती, मग एवढी रडायला लागली की काय सांगू. मागून एकजण म्हणाला, पोर सांभाळायचं तर घरी बसायचं ना.

मी उठलेच होते. दर्शूने मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि मला खांदा दाबून खाली बसवलं. कानात म्हणाली, "तू बघ वहिनी. मी आहे बाहेर." आणि गेली. जी पोरगी सिनेमा सोडून पाणी प्यायलाही उठत नाही, ती गेली.

मी पडदा कमी आणि दार जास्त बघत होते. मग कधीतरी दाराकडे बघायचं विसरले... मुलगी झाल्यापासून पहिल्यांदा मी काहीतरी विसरले. सिनेमातली आई रडली तेव्हा मीपण रडले, मनसोक्त, काळोखात कोण बघतंय.

संपल्यावर धावत बाहेर आले. दर्शू जिन्यात बसलेली, मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली. मी आधी नाकाजवळ बोट धरलं... दर्शू म्हणाली, "श्वास चालू आहे तिचा. शेवट काय झाला ते सांग."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दर्शूने बायकांना सरळ सांगितलं, सुरुवात माझी, शेवट वहिनीचा. पहिली दोन वाक्यं मी हातातल्या चिकूकडे बघतच बोलले. मग एकदा सुरू झाले ती थांबलेच नाही. चिकू कोणी निवडतच नव्हतं, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

तेवढ्यात बाबा दारात. मला म्हणाले, झाली का हौस?

एरवी मी पदर सावरून आत गेले असते. त्या दिवशी बसल्या जागेवरून म्हटलं, "झाली बाबा. घरातली बाई सोबत हवी असं तुम्हीच बोलला होता. पुढच्या वेळीपण मी आहे."

बाबांनी भरलेला क्रेट उचलला आणि गेले. हो म्हणाले नाहीत... पण सोमवारी दर्शू कॉलेजला गेली, आणि तिला कोणी अडवलं नाही.

दर्शूने तो शेवट अजून बघितलेला नाही. माझ्या तोंडून ऐकला तेवढाच तिला माहीत. माझ्यासाठी असं कधी कोणी काही सोडलं नव्हतं गं दर्शू...

मी अजून घाबरते, खोटं कशाला बोलू. पण ज्यांनी जाऊन बातमी दिली त्यांनी ऐकून ठेवावं, आम्ही परत दिसू. दाराजवळच्या खुर्च्यांवर, पेजेचा डबा घेऊन... तिघी.