टँकरच्या रांगेतलं चित्रकला शिबिर

"सर, टँकर आलाय," म्हणत कमल उठली आणि तिच्यामागं अख्खा वर्ग पळाला. खोलीत मी एकटा उरलो.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. त्याचं पहिलं उन्हाळी कला शिबिर निलंग्याकडच्या एका गावात घ्यायला मला, नांदेडच्या ड्रॉइंग मास्तरला, पाठवलं होतं. वर दुष्काळ. शिक्षण खात्याच्या ऑफिसनं दिले वॉटरकलर, म्हणजे पाण्यात कालवायचे रंग. प्यायला पाणी नाही अन् आम्ही ब्रश धुणार. तिथल्या साहेबांनी बजावलं होतं, "पोरं टिकली नाहीत तर शिबिर बंद. पुन्हा मंजुरी नाही."

मुक्काम शाळेतच. कमलची आई रोज कळशीभर पाणी द्यायची, तेवढाच माणसाशी संबंध. फार एकटं वाटायचं. घरच्या पत्रात मात्र 'मजेत आहे' लिहायचो.

दुसऱ्या दिवशी मीच रांगेकडे गेलो. तिथं माणसं नव्हे, घागरी उभ्या. पहाटे घागर ठेवायची, तोच नंबर. सगळ्या घागरी सारख्या, त्यामुळे रोज भांडण.

"ही आमची हाय."

"न्हाई, तुमची पोचा पडलेली."

माझ्याकडे बॅनरसाठी आणलेला ऑइलपेंट होता. त्याला पाणी लागत नाही. म्हटलं, आपापल्या घागरीवर चित्र काढा. कुणी म्हैस काढली, कुणी एसटी, कुणी मामाचा फेटा. आठवड्यात भांडणं मिटली. टँकर गेला तरी पोरं जागची हलेनात; शिबिर तिथंच भरू लागलं.

मग साहेब जीपनं शाळेत आले. खोलीला कुलूप. शोधत रांगेपाशी पोचले.

"हे शिबिर?"

"हो साहेब. सगळी पोरं हजर आहेत."

"मंजुरी शाळेची आहे, मास्तर."

रिपोर्टात लिहिलं, 'मंजूर ठिकाणी शिबिर आढळले नाही.' शिबिर बंद.

निघायच्या सकाळी रांगेच्या शेवटी एक नवी घागर दिसली. तिच्यावर माझा जाड चष्मा काढलेला.

"ही कुणाची?"

"तुमची, सर," कमल म्हणाली. "तुमचा नंबरच नव्हता. आमी लावला."

मला रडू आलं. टँकर यायच्या आत माझी एसटी आली.

शिबिर पुन्हा सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. आता ते पंख्याखाली, हॉलमध्ये भरतं. नवे मास्तर सल्ला विचारतात. मी एवढंच सांगतो, रंगांची पेटी मागाहून उघडा, आधी गावाच्या रांगेत आपली घागर ठेवा.