दादाच्या स्टेंटसाठी लावलेला कौल

मित्रांनो, आज मुळगावात भांडून आलो. दादाचा जुना स्टेंट पुन्हा अरुंद झालाय, अंगण झाडतानाही छातीत कळ येते. डॉक्टर नवा स्टेंट न घालता औषध लावलेला फुगा आत फुगवून बाहेर काढणार होते.

चुलतभाऊ परस्पर देवळात कौल लावून आला. मूर्तीला लावलेली डावी पाकळी पडली, म्हणजे देवाचा नकार. दादाने उद्याची तारीख रद्द केली!

"फुगो भायर काढल्यार आत काय उरतला?" चुलतभाऊ मलाच विचारतो.

"औषध! तुझ्या छातीत कळ आली असती, तर पाकळीची वाट बघत बसला असतास?"

दादा मात्र मलाच म्हणाला, "देवाक मध्ये ओढू नको."

दादाला न विचारता मी तीच तारीख पुन्हा पक्की केलीय. उद्या तो गाडीत बसेल का, ठाऊक नाही. तुम्ही काय केलं असतं?