न तडकलेला कटोरा

सुदाम गेल्याचं कळलं ते पोस्टकार्डानं. मृत्यूच्या कार्डाचा कोपरा फाडायची आपल्याकडं रीत आहे, म्हणजे हातात घेतानाच माणूस सावध होतो. या कार्डाचे चारही कोपरे शाबूत होते. त्यामुळे सुदामच्या बायकोचं, शारदावहिनींचं अक्षर पाहून मी ते ओसरीत बसून अगदी मजेत वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या ओळीत सुदाम गेला होता... असल्या रीतींचं त्याला वावडं होतं हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मला त्याचा रागच आला. आता सव्वा महिना झाला. राग गेला. जे उरलं आहे ते सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुलगावच्या एका शाळेत आम्ही दोघं मास्तर म्हणून लागलो. मी मराठी शिकवायचो, तो विज्ञान. तो हिंगणघाटकडचा, शेतमजुराचा मुलगा. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा हा बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेला. माझं घर केळझरजवळच्या एका खेड्यातलं, चार बैलजोड्यांचं. पहिल्याच महिन्यात त्यानं मला खोलीवर नेलं. दोन खोल्यांच्या त्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली एक लांब फळी होती आणि तिच्यावर सहा चिनी कटोरे मांडलेले. प्रत्येक एकाच रंगाचा. फूल नाही, पान नाही, नक्षीचं नाव नाही. एक अंड्याच्या टरफलासारखा पांढरा, एक गर्द निळा, एक हळदीचा, एक तपकिरी लाल... मास्तरच्या पगारात हे येतं कुठून, हा पहिला प्रश्न माझ्या तोंडून निघाला. तो हसला. तेव्हा घरोघर स्टीलचं वेड शिरलं होतं. सुट्टीच्या दिवशी हा पठ्ठ्या झोळीत स्टीलचे कटोरे घालून गावोगाव फिरायचा आणि बोहारणीसारखी अदलाबदल करायचा. कुणाकडं त्यात लोणचं असे, कुणाकडं कोंबड्यांचं पाणी. जुन्या जहागिरदारांच्या लिलावांतून ही भांडी गावोगाव पांगली होती आणि कुणालाच त्यांची किंमत नव्हती. तो नखानं टिचकी मारायचा, कानाशी धरून आवाज ऐकायचा, मग उलटं करून बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. तिथं झिलई नसते, तिथं माती खरं बोलते, असं तो म्हणे.

"आता एक हिरवा भेटला का झालं," तो म्हणाला. "घोरी म्हणत त्याले नवाबाच्या घरी. झिलईत लोखंड राह्यते, भट्टीत हवा कोंडली का हिरवा उतरते. लोकाईले वाटे, त्यात जहर टाकलं का कटोरा तडकते."

मी विषय बदलला. कारण तसला हिरवा कटोरा आमच्या गोठ्यात होता. आजोबांनी कुठल्याशा लिलावात चार भांड्यांबरोबर आणलेला. चिनी माती बाटलेली, म्हणून आजीनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तो गोठ्यातल्या कोनाड्यात राहायचा आणि सुदामच्या समाजाची माणसं कामाला आली की त्यांना चहा त्यातून मिळायचा. मी लहानपणापासून ते पाहत आलो होतो. कटोऱ्याचं सांगायचं तर त्याचा उपयोगही सांगावा लागणार होता, आणि तिथं माझी जीभ टाळ्याला चिकटे. सुदाम एलिचपूरपर्यंत जाऊन हात हलवत परत येई, मी त्याला चहा पाजून धीर देई. "तुह्या गावाकडे नेत नाई काऊन?" असं तो विचारी, तेव्हा मी कधी पेरणी पुढं करी, कधी खराब रस्ता. अशी सात वर्षं काढली.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. सकाळी अंगणात दात घासत असताना पाहिलं तर खांद्याला झोळी लावून सुदाम गल्लीतून चालत येतो आहे. वर्ध्याहून पहिल्या बसनं केळझरला उतरून पायीच आला होता. वाटलं, चूळ भरून गोठ्याकडं धावावं, कटोरा कडब्यात खुपसावा... पण आई दारात आली होती. तिनं मायेनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, "बसा मास्तर" म्हणाली आणि आत गेली. तिच्या पावलांचा आवाज मागच्या दाराकडं गेला तो मी ऐकला. अजूनही मी तिला हाक मारू शकलो असतो.

चहा आला. मला स्टीलच्या कपबशीत. सुदामपुढं आईनं तो हिरवा कटोरा जमिनीवर ठेवला.

सुदामनं तो उचलला. सात वर्षं शोधलेली वस्तू त्याच्या हातात होती, आणि ती त्याच्या हातात का आली हेही त्याला त्याच क्षणी कळलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो पुरता पसरायच्या आतच विझला. कटोऱ्याला कान नसतो. चहा उकळता होता. त्यानं तो खाली ठेवला नाही, दोन्ही हातांनी धरून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग कटोरा उलटा करून बुडावरून अंगठा फिरवला.

"माय, हा मले देता का? बदल्यात स्टीलचा देतो."

"घेऊन जा ना बाप्पा," आई म्हणाली. "तसाई आमी त्याले घरात घेत नाई."

मी त्याला बसपर्यंत पोचवायला निघालो. अर्धी वाट सरली. मग तो म्हणाला, "पाह्य, तडकला नाई." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुले मालूम होतं का?"

"नाई," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. पुढं कधी तो विषय काढला नाही. मैत्री राहिली, चेष्टामस्करीही राहिली, माझी बदली झाल्यावर पत्रं राहिली. दरवेळी त्याच्या खोलीवर जाताना मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि फळीवर तो कटोरा दिसला की काहीतरी भलतंच बोलून यायचो. सांगायला आणखीही एक होतं. त्या दिवाळीनंतर मी गावी गेलो तेव्हा सुदामनं दिलेला स्टीलचा कटोरा गोठ्यातल्या त्याच कोनाड्यात होता. तो मी उचलून घरात नेला नाही. आई गेली, तरी तो तिथंच राहिला.

कार्ड आल्यावर मी आधी गावी गेलो. कोनाड्यातला तो कटोरा काढून पिशवीत घातला आणि पुलगावला पोचलो. फळीवर सगळे कटोरे तसेच होते, पुसलेले. वहिनी म्हणाल्या, "हे सगळे शाळेले देऊन टाकजो म्हनून सांगून गेले. हिरवा सोडून. म्हनत, अरुण एक दिवस येऊन मले काई सांगनार आहे, तवरी तो राहू दे. काय सांगनार होते, भाऊजी?"

म्हणजे त्याला त्या वाटेवरच कळलं होतं. आणि इतकी वर्षं तो वाट पाहत होता...

मी पिशवीतून स्टीलचा कटोरा काढला आणि सगळं सांगितलं. गोठ्याचं, कोनाड्याचं, त्या "नाई"चं.  मग वहिनी उठल्या, मी आणलेला कटोरा घासून आणला, चहा केला. स्टीलच्या कटोऱ्यात त्यांनी स्वतःला घेतला, हिरवा माझ्यापुढं ठेवला. मी तो उचलला. फार भाजत होतं. खाली ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.