जुन्या कंपनीचे ओळखपत्र

गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात मोबाइल इंटरनेट उद्योगाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. प्रादेशिक भाषांवरच्या एका चर्चासत्रात थोडा वेळ बोलण्यासाठी मला बोलावले होते. मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात कविता शिकवते. त्या जगाशी माझा संबंध एवढाच. माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे, सारे उमेदीचे आयुष्य मात्र त्याच जगात गेले होते. पावसाळा संपता संपता त्याची नोकरी गेली, आणि इथे कुणीतरी आपल्याला काम देईल, या एका आशेवर तो माझ्यासोबत आला होता.

दालनात नव्या गालिच्याखालच्या गोंदाचा उग्र, गोडसर वास कोंडला होता. स्टॉलच्या चकचकीत पांढऱ्या भिंती रात्रीतून उभ्या राहिल्या असाव्यात. कडांना प्लायवूडचा भुसा अजून चिकटलेला होता. असंख्य पडद्यांचा निळसर उजेड गालांवर पडून सगळीच माणसे किंचित आजारी दिसत होती. कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे आधी पाहत नव्हते. नजर प्रथम छातीवरच्या ओळखपत्रावर उतरे, तिथले कंपनीचे नाव वाची, आणि त्या नावाला साजेल एवढेच हसू घेऊन वर येई.

दादाने परिषदेची नोंदणी नोकरी असतानाच केली होती. त्यामुळे त्याच्या ओळखपत्रावर जुन्या कंपनीचेच नाव ठळक अक्षरांत छापून आले होते.

"बदलून घे ना," मी म्हटले.

"काय लिहून घेऊ? 'सध्या घरी'?" तो हसला. "राहू दे गं. आत तरी सोडतायत."

नेटवर्क कुठे पोचत नाही, ते शोधून काढणे हे त्याचे काम. गाडीत फोन मांडून, आणि जिथे गाडी जात नाही तिथे पायी, त्याने ही उपनगरे पिंजून काढली होती. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतले बोळ, बोरिवलीत जंगलाला खेटून असलेल्या इमारती, कांदिवलीच्या नव्या टॉवरांमागे दबलेल्या जुन्या सोसायट्या. लहानपणापासून माझ्या ओळखीच्या रस्त्यावर थांबून तो म्हणे, "इथे आवाज तुटतो बघ." मला तिथे काहीच तुटलेले ऐकू येत नसे. त्याच्या कपाळावर मात्र काही दुखत असल्यासारखी आठी असे.

तिसऱ्या की चौथ्या स्टॉलवरचा गृहस्थ ओळखपत्र वाचताच पुढे आला. आमचे बोलणे त्याच्या कानावर पडले असावे.

"मराठीच ना सर? या, या, बसा! मॅडम, तुम्हीपण. कॉफी सांगतो."

खुर्च्या आल्या, वाफाळती कॉफी आली. पडद्यावर आमचीच उपनगरे उमटली; जिथे सिग्नल क्षीण, तिथे लाल डाग. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत ते डाग गोवराच्या पुरळासारखे पसरले होते.

"आता माणूस पाठवायची गरजच नाही सर," तो उत्साहाने म्हणाला. "ग्राहकांच्या फोनवरूनच सगळं कळतं. गाडी नको, ड्रायव्हर नको, उन्हातान्हात फिरणं नको. तुमच्याकडे आमचं आधीचं व्हर्जन आहेच की! हे त्याच्या पुढचं."

मी दादाकडे पाहिले. त्याचा अंगठा कॉफीच्या कपाच्या कडेवरून सावकाश फिरत होता. मग तो खुर्चीत पुढे सरकला आणि प्रश्न विचारू लागला. जुन्या, ठाम, कामातल्या आवाजात. पावसाळ्यानंतर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. समोरचा माणूस मान डोलवत होता, मध्येच "सर, तुमचं मत काय?" असे विचारत होता.

"मंगळवारी ऑफिसला येऊ का सर? टीमलाही दाखवू."

"या ना," दादा म्हणाला.

बाहेरच्या मार्गिकेत आल्यावर मला राहवले नाही. "दादा, अरे हे काय केलंस?"

"काही नाही गं. बोललो."

"तो मंगळवारी खरंच जाईल तिथे. गेटवर तुझं नाव सांगेल."

"जाऊ दे ना! त्यांनी मला घालवलं, याचं सॉफ्टवेअर घेतलं. भेटू देत एकमेकांना."

आजूबाजूच्या पडद्यांमधून वेगवेगळ्या भाषांतले आनंदी आवाज एकमेकांत मिसळत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती दिवसांनी कुणीतरी माझं मत विचारलं, माहितीये?"

तो वळला आणि त्या स्टॉलवर परत गेला. मी दोन पावले मागे उभी राहिले.

"एक सांगायचं राहिलं," दादा म्हणाला. "मी त्या कंपनीत नाही आता. तुमचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हाच आमची टीम बंद झाली. मंगळवारी तिथे जाऊ नका. आणि तुमच्याकडे माझ्यासारख्याला काही काम असेल, तर मला हवंय."

गृहस्थाचे हसू लगेच गेले नाही. कुठे जावे हे न कळल्यासारखे ओठांवर रेंगाळले. त्याने मागे आपल्या साहेबाकडे एकदा पाहून घेतले.

"आधी सांगायचं ना सर," तो हळू आवाजात म्हणाला. "वेबसाइटवर रेझ्युमे टाका."

"टाकला तर होईल काही?"

"खरं सांगू? नाही होत. माझ्या मेव्हण्याचा पडलाय तिथे कधीचा."

"मग कुठे टाकू?"

त्याने दादाचा हात हातात घेतला, जरा जास्त वेळ धरला, आणि तेवढ्यात दुसरे कुणी आले म्हणून सोडून दिला.

माझ्या चर्चासत्राची वेळ झाली होती. "तू हो पुढे," दादा म्हणाला, "मी बघतो अजून." मी निघाले, पण दालनाच्या दाराशी थबकले. तो पलीकडच्या स्टॉलपाशी पोचला होता. तिथल्या बाईंनी त्याच्या छातीवरचे नाव वाचले आणि लगबगीने खुर्ची ओढली. खुर्ची पुढे येण्याआधीच दादा काहीतरी बोलला. एवढ्या कोलाहलात मला ऐकू आले नाही, पण काय बोलला ते कळले.

बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. खुर्ची पुढे आली नाही, मागेही गेली नाही.