संघमित्राची ओळ

धम्मदीप वासे हा सनीव्हेलमधला माझा रूममेट. आठवडाभर चिप टेस्ट करायचा आणि शनिवारी कॅलट्रेननं सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन लंडनहून आलेल्या गराजच्या नव्या रेकॉर्डी घेऊन यायचा. गराज म्हणजे तिकडच्या क्लबांतलं नाचाचं संगीत. अडखळत धावणारा ठेका आणि त्यावर कुणाच्या तरी गाण्याचे कातरलेले तुकडे. माझं डोकं उठायचं.

"यार, या बाईला एक ओळ तरी पुरी गाऊ दे!" एकदा मी ओरडलो.

"ती माझी बहीण आहे," तो म्हणाला.



संघमित्रा लंडनला शिकत होती. तिथल्या एका संगीतकारानं तिच्याकडून एक ओळ गाऊन घेतली, आणि त्याच हिवाळ्यात, २००१ साली, ती अपघातात गेली. ती पहिली रेकॉर्ड हातोहात संपली, धम्मदीपला कधी मिळालीच नाही. पण तिचा आवाज इतरांनी उचलला, कापला, वेग वाढवून पळवला आणि नव्या रेकॉर्डींत घातला. आधी त्याला चार शब्द सापडले, पुढच्या वर्षी एकच. दर नव्या रेकॉर्डीत ती थोडी कमी होत होती. खरं सांगतो, मला त्या घरात एकटं बसायची भीती वाटायची.

"आई येईपर्यंत अख्खी ओळ मिळायला पाहिजे," एवढंच तो म्हणायचा. घरी तिचा आवाज कुणीच टेप केलेला नव्हता.

ओळ मिळाली नाही. त्याची आई, उपासनाकाकू, मात्र नागपूरहून आल्या. पहिल्याच रविवारी त्यानं त्यांना ते चार शब्द ऐकवले.

"हे काय लावून राहिला रे?" काकू म्हणाल्या. "ही माझी पोरगी नाही. संघमित्राचा आवाज असा चिरका नव्हता."

धम्मदीपचा चेहरा पाहवेना. इतकी वर्षं हा कुणाच्या मागे धावला? काहीतरी करायचं म्हणून त्यानं काल आणलेली नवी रेकॉर्ड लावली. तिच्यात शब्दच नव्हते. ठेक्याच्या मधे कुणीतरी नुसता श्वास आत ओढत होतं. पुन्हा, पुन्हा.

काकू ताडकन उठल्या.

"हीच! गाण्याआधी ती असाच श्वास घेते."

"आई, यात पुढे काही..."

"बोलू नको," काकू स्पीकरला कान लावून बसल्या. "आता गाईल ती."

रेकॉर्ड संपली. धम्मदीपनं सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.