एक रुपयापासून महालक्ष्म्या

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे मी एक रुपयापासून लिलावात काढले, आणि ते विकले गेले. महालक्ष्म्या बसायला आठ दिवस उरले होते. मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी विचारलं नव्हतं.

हे सगळं रागातून झालं. चार वर्षं मी इंटरनेटवरच्या एका मोठ्या लिलाव-बाजारात जुने अडकित्ते, कंदील, पानदानं विकत होतो. तो बाजार आधी गोड बोलला, मग त्यानं आपलं कमिशन वाढवलं, मग पुन्हा वाढवलं. शेवटी एका ग्राहकानं माझ्याकडून अख्खा अडकित्ता घेतला आणि परत पाठवला तो अर्धा! (उरलेल्या अर्ध्यानं तो सुपारी कशी कातरत असेल, हे त्याचं त्याला ठाऊक.) मी तक्रार केली, तर बाजारानं माझंच खातं बंद केलं. कारण विचारलं, तर उत्तर आलं की आपलं समाधान आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. त्यावर मी मोबाइलला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्याच शहरातल्या चेरीताल मोहल्ल्यातला माझा मित्र डोंगरे जुनी टपाल तिकिटं विकायचा. त्याचंही खातं असंच गेलेलं. त्याच्या बैठकीत आम्ही सात पोळलेले विक्रेते जमलो, तीनदा चहा झाला, आणि ठरलं की आपला लिलाव-बाजार आपणच काढायचा. साइट डोंगरेनं बनवली. नियम मी लिहिले, कारण सगळ्यांत जास्त चिडलेला मीच होतो. विकायची वस्तू आधी डोंगरेकडे जमा करायची. बोली संपली की विकणाऱ्याला माघार नाही. आणि घरच्यांकडून खोट्या बोल्या लावून जो भाव फुगवेल, त्याचं खातं कायमचं बंद. हा शेवटचा नियम वाचताना मी टेबलावर अशी मूठ आपटली, की चहा डोंगरेच्या तिकिटांवर सांडला.

बाजार उघडला. चार दिवस सात विक्रेते एकमेकांचा माल बघत बसले. ग्राहक म्हणून कोणी फिरकेना. मला संताप आला. दुकानाच्या दर्शनी भागात काहीतरी झगमगीत पाहिजे, हे मला कळत होतं, आणि आमच्या घरात झगमगीत म्हणावं असे हे मुखवटेच होते. दोन दिवस शोभेला ठेवू, मग गुपचूप ट्रंकेत परत, असा माझा हिशेब. नागपूरला माझ्या मोठ्या बहिणीला, कुसुमताईला, फोन करून सांगितलं, की मुखवट्यांवर बोली लावत राहा, काहीही झालं तरी थांबू नको, शेवटची बोली तुझीच पाहिजे. (होय, तो शेवटचा नियम मला आठवत होता. पण तो लबाड लोकांसाठी होता. मी तर तत्त्वासाठी करत होतो!)

लिलाव रविवारी दुपारी दोनला संपणार होता. पावणेदोनला ताई वरण-भात जेवून जरा लवंडली. दोन वाजून एक मिनिटानं मुखवटे कांचघर मोहल्ल्यातल्या कोणा दुबेजींचे झाले. आणि आमचा बाजार किती तत्पर आहे हे दाखवायला डोंगरे स्वतः स्कूटरवरून ते तासाभरात पोचवूनही आला.

सोमवारी मंगलानं मुखवटे घासायला चिंच भिजवली आणि ट्रंक उघडली. मी सांगितलं. तिनं चिंचेचं वाडगं बाजूला सारलं आणि म्हणाली, "ठीक आहे. यंदा मुखवट्यांच्या जागी एका कोठीवर तुमचं तोंड बसवते, दुसरीवर डोंगरे भाऊजींचं. नैवेद्याला काय लागते, ते दोघं मिळून सांगा."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं कांचघरला गेलो. दुबेजी निवृत्त हेडमास्तर. आमच्या लक्ष्म्या त्यांच्या शोकेसमध्ये, वादविवाद स्पर्धेच्या दोन कपांच्या मधोमध बसल्या होत्या. मंगलानं काचेतूनच हात जोडले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नियम किसने लिखे हैं?"

"जी, मैंने."

"बहुत अच्छे लिखे हैं."

मोठ्या बाजारात विकणारे ऐनवेळी पालटायचे म्हणून दुबेजी तिथून उठून आमच्याकडे आले होते. माघार नाही, हा नियम वाचून. तोच आता मोडा म्हणायला मला तोंड नव्हतं. मंगलाच्या डोळ्यांत पाणी बघून ते विरघळले, पण नियमात बसेल तेवढेच. म्हणाले, मुखवटे मी परत तुमच्याच बाजारात काढतो, एक रुपयापासून, बहनजींनी बोली लावून घेऊन जावं.

बुधवारी मंगला डोंगरेकडे जाऊन बसली. माझ्यावर भरवसा उरला नव्हता, म्हणून तिनं स्वतःचं खातं उघडलं. बोली लावणाऱ्यांची नावं आमच्या साइटवर दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात (ही अक्कलही माझीच). मंगलानं बोली लावली. लगेच कोणीतरी वर गेलं. मंगला त्याच्या वर. ते पुन्हा वर. बघता बघता आमच्या दिवाळीच्या फ्रिजचे पैसे त्यात गेले.

"कोण मेलं माझ्या लक्ष्म्यांच्या मागं लागून राहिलं?" मंगला दात-ओठ खात म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. ताईला थांब म्हणून सांगायचं मी विसरलो होतो! व्हरांड्यात जाऊन हळूच फोन लावला.

"काळजी नको करू रे," ताई म्हणाली. "त्या दिवशी डोळा लागला, म्हणून आज मुखवटे पुन्हा लिलावात दिसल्यापासून मी जेवलीच नाही. कोणी भवानी हटून नाही राहिली, पण शेवटची बोली माझीच."

मागून हात आला आणि फोन गेला.

"ताई, ती भवानी मी आहे," मंगला म्हणाली. "यांनी सांगितलेली बोली आता बंद करा."

मुखवटे घरी आले. पण मंगलाचं ते वाक्य डोंगरेनंही ऐकलं होतं. त्यानं मला समोर बसवून शेवटचा नियम माझ्याच शब्दांत वाचून दाखवला, टेबलावर माझ्यासारखीच मूठ आपटली (चहा आधीच बाजूला ठेवून) आणि माझं खातं कायमचं बंद केलं.

घरी येताना मी रिक्षात दोन्ही मुखवटे मांडीवर घेऊन डोंगरेच्या नावानं बोटं मोडत होतो. घराच्या वळणावर मंगला म्हणाली,

"त्या मोठ्या बाजाराले तुम्हाला ओळखायला चार वर्षं लागले. तुमच्या बाजारानं दहा दिवसांतच ओळखलं. चांगला बाजार काढला तुम्ही."