आठ हात लांबून

लांबूनमामा कुठल्याही बैलाच्या आठ हातांच्या आत येत नसत. तरीही आमच्या बाजूला कुणाचा बैल मारका झाला किंवा जू बघितलं की बसायला लागला, तर बोलावणं त्यांनाच जायचं. ते यायचे, लांब बसायचे, लांबूनच काय ते करायचे आणि लांबूनच राम राम करून जायचे. म्हणून लांबूनमामा. खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

डोंगरकडा गावाच्या अलीकडे, आमच्या शेताला लागून नाला आहे. त्याच्या पलीकडच्या तांड्यावर त्यांचं घर होतं. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. मामांना मात्र लहानपणी एका बैलाने गाडीच्या चाकाशी दाबलं होतं. बरगड्या जुळल्या, पण श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची ती कायमची राहिली. बैलाचा मास्तर बैलालाच भितो म्हणून लोक हसायचे. मामांना त्याची लाज नव्हती. "भेव हाय म्हणून जित्ता हाय," ते म्हणायचे. "ज्यायला भेव नव्हतं त्यायच्या तेरवीला मी जेवून आलो."

मला हे बोलणं पटलं, कारण मीही भीत होते. माझं माहेर वसमतचं. वडील कचेरीत कारकून. लग्नाआधी मी शेळीसुद्धा कधी बांधली नव्हती. लग्नानंतर धारा काढायला शिकले, शेण उचलायला शिकले, पण बैल नवऱ्याचे. त्यांच्याकडे मी बघायचेही नाही. पाच वर्षांपूर्वी सोयाबीनची पेरणी उरकली त्याच दिवशी नवाबने माझ्या नवऱ्याला उचलून बांधावर टाकलं. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने पलंग सांगितला. नवाब म्हणजे आमचा लाल कंधारी बैल, दिसायला देखणा. दुसरा हरण्या, गरीब.

चारा टाकायला आता मीच. कडब्याची पेंढी ढालीसारखी पुढे धरून मी गोठ्यात शिरायचे. मी दारात आले की नवाब मान खाली घालायचा आणि खुंट्याला धडक द्यायचा.  पेंढी फेकून मी उलट्या पावलांनी बाहेर यायचे आणि न्हाणीत जाऊन उभी राहायचे. घरात सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? मारका म्हणून गावभर नाव झालेला बैल कुणी घेत नाही. तणनाशक मारलं होतं, पण पाऊस लागून राहिला आणि तण सोयाबीनच्या वर आलं. चिखलात ट्रॅक्टर चालेना. ज्याची त्याची जोडी ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेली, आणि नवाबच्या मागे तण काढायचं कोळपं धरायला एकही गडी तयार नव्हता. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत कोळपणी झाली नाही तर वर्ष गेलं, एवढं साधं होतं.

शेवटी आम्हीही मामांनाच बोलावलं. पहिल्या दिवशी मामा अंगणातल्या दगडावर बसून नुसते बघत राहिले. मी भीतभीत घमेल्यातून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, नेऊन नवाबपुढे ठेवली. वाटलं, खायला मिळालं की शांत होईल.

"काहून दिली ढेप?" मामांनी विचारलं.

"तो उगा उभा होता म्हणून."

"तू हितून निघाली तवा उगा होता. तू पोचस्तोवर त्यानं दोन धडका हाणल्या. आन मग तोंडापुढं ढेप आली. तू त्याला खुंटा पाडायचं बक्षीस देऊन राहिली, बाई."

पंधरा दिवस मी कडबा टाकताना तेच करत होते. कुणी शिकवलं नसतं इतकं चांगलं मी त्याला मारायला शिकवलं होतं.

मामांनी पिशवीतून सायकलची घंटी काढली. मोडक्या सायकलची, खालच्या पट्टीसकट. पहिले दोन दिवस काही शिकवलं नाही. घंटी वाजवायची आणि लगेच ढेपेचा खडा घमेल्यात फेकायचा. मग घंटी आणि खडा यांच्यामध्ये ते एकदा श्वास घ्यायचे. मग दोनदा. मग पाच वेळा. ती शिट्टी ऐकून मीही मोजायला लागले. नवाब घंटी ऐकली की कान पुढे करायचा आणि घमेल्याकडे बघत थांबायचा. त्यानंतर घंटी फक्त एकाच वेळी वाजायला लागली, नवाबने मान वर केली की. तेव्हाच, त्याच क्षणी. ढेप मागून यायची, कधी मामा उठून, पिशवी शोधून, खोकून झाल्यावर.

"जनावराला बरं केलं ते त्याच घडीला कळलं पायजे," मामा म्हणाले. "ढेप पायानं येते, तिला येळ लागतो. घंटी तिच्या आधी पोचते."

माझ्या सासूबाईंना हे सगळं थेर वाटायचं. "बैलाला शाळेत घातलं का? डबा बी द्या मग संगं," त्या म्हणायच्या. नवरा पलंगावरून ओरडायचा, "मामा, मला पण घंटी वाजवून भाकर द्यायला सांगा. नुसती वाट बघून राहिलो." मामा हसायचे नाहीत. "तुमी मान कुठं वर करता, पाटील," एवढंच म्हणायचे.

एक गोष्ट त्यांनी मला मुद्दाम दाखवली. नवाबला लांब दोर दिला आणि दोन्ही टोकांना घमेली ठेवली. डावीकडे दिवसातून केव्हाही, काही न सांगता, ओंजळभर ढेप पडायची. उजवीकडे मूठभरच, पण आधी घंटी. चौथ्या दिवशी नवाब उजवीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना. डावीकडची ढेप चिमण्यांनी खाल्ली. मी म्हटलं, "याला अक्कल नाही. जास्त मिळतं ते सोडून कमीपाशी उभा आहे."

"जास्तीचं त्याला काय करायचंय? कवा येनार ते ठावं पायजे त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला नांदेडच्या दवाखान्यात काय पायजे होतं?"

ऑपरेशन चालू असताना मी चार तास बाकावर बसले होते. बाहेर येऊन कुणी एक अक्षर सांगत नव्हतं.  

कोळपणी झाली. पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्याच ओळीला, माझे पाय मातीत रुतत होते की भीतीने जड झाले होते, सांगता येत नाही. घंटी मी कोळप्याच्या रुमण्याला, म्हणजे मुठीच्या दांड्याला, बांधली होती. मामा बांधावरून आठ हातांचं अंतर राखत बरोबर चालत होते. तास सरळ गेला की मी घंटी वाजवायची, ढेप तासाच्या टोकाला. नवाबने मागे वळून दोनदा माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा मला वाटलं, आता. काही झालं नाही. सहा दिवसांत रान निघालं. भीती होती तेवढीच होती, पण काम झालं होतं.

चूक मी पोळ्याच्या तोंडावर केली. आमच्याकडे पोळ्याआधी बैलांची शिंगं साळतात, म्हणजे तासून गुळगुळीत करतात. शिंगं साळणारा माणूस सकाळी दारात आला, त्याला पुढची चार घरं घ्यायची होती आणि नवाब परसातून हलेना. मामा नव्हते. मी घंटी वाजवली. नवाब कान पुढे करून सरळ अंगणात आला, घमेल्यापाशी थांबला. घमेलं रिकामं होतं. तिघांनी पायांना दोर टाकून त्याला आडवा पाडला आणि शिंगं साळली. मला वाटलं, किती सोयीचं झालं.

चार दिवसांनी खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्या माणसाने बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची. वर्षभर त्या खांद्यावर जू असतं, म्हणून. दरवर्षी नवरा करायचा. सासूबाई म्हणाल्या, "घरचाच हात लागला पायजे. त्यानं न्हाई तर तू." हरण्याचं झालं. वाटी घेऊन मी नवाबच्या बाजूला, भिंतीकडून शिरले आणि त्याने ओळखावं म्हणून घंटी वाजवली.

तो अख्ख्या अंगाने माझ्यावर आला. पाठ भिंतीला आणि छातीवर त्याची कूस. ओरडायला हवा नव्हती. वाटी कुठे पडली कळलं नाही. तो मान वळवत होता आणि नुकतं साळलेलं शिंग दर झटक्याला माझ्या पोटाच्या जवळ येत होतं. मी घंटीची कळ दाबत राहिले. दुसरं काही सुचतच नव्हतं.

"घंटी टाक," मामा म्हणाले. ते अंगणात जेवायच्या बोलावण्यावर आले होते. "टाक ती. इसर."

मी टाकली. मामा गव्हाणीच्या अंगाने आत आले. सहा हात. तीन हात. पालथा नाही, उताणा तळहात पुढे करून त्यांनी ढेपेचा खडा थेट नवाबच्या तोंडाला लावला. वाजवलं नाही, फेकलं नाही, काही सांगितलं नाही. नवाबने त्यांच्या हाताचा वास घेतला. मग खाण्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं, आणि तेवढ्या जागेतून मी खाली सरकून बाहेर आले.

मामा मात्र बाहेर आलेच नाहीत. दुसऱ्या हातातला खडा, मग धोतराच्या घडीतला. खडे संपल्यावर नवाब त्यांचा रिकामा तळवा चाटत राहिला आणि ते तसेच उभे. पाय उचलत नव्हते. सासूबाईंनी मागून बाराबंदी धरून त्यांना ओढून काढलं. धोतर ओलं झालं होतं. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याचं धुतलेलं धोतर आणून दिलं.

पाणी प्यायल्यावर मामांनी मला विचारलं, "मी नव्हतो तवा घंटी वाजवून काय दिलं त्याला?"

मी शिंगांचं सांगितलं.

"मंजी दोर दिला. आज बी तो दोरच समजला." शिट्टी अजून थांबली नव्हती. "त्याचं काय चुकलं?"

त्या वर्षी नवाबचा खांदा कोरडाच राहिला. या घरात असं कधी झालं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा दगडावर येऊन बसले, आठ हातांवर, आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. घंटी, लगेच खडा. एका श्वासाचं अंतर ठेवायलाच या वेळी तीन आठवडे लागले. मला चिडचिड व्हायची. ते म्हणायचे, "पयल्यांदा त्याला म्हाईत नव्हतं. आता त्याला म्हाईत हाय की तू खोटं वाजवतीस. हे पुसायला जास्त लागतंय."

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा ऊसतोडीला निघाला. नातवंडं सांभाळायला मामाही गेले. जाताना दारात थांबून त्यांनी नवाबकडे लांबून बघितलं आणि मला म्हणाले, "रोज कर. कट्टाळा आला तरी कर. आन त्याच्यावर इस्वास टाकू नको, त्याला तुझ्यावर टाकू दे." माघात त्यांच्या मुलाचा फोन आला. थंडीत श्वास कोंडला, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. फोन ठेवला तेव्हा ढेप टाकायची वेळ झाली होती. मी जाऊन टाकली.

पुढच्या खांदमळणीला नवरा काठी घेऊन चालायला लागला होता. तो म्हणाला, "आण वाटी, मी करतो." मी म्हटलं, बसा. वर्षभरात घंटी आणि खड्याचा एक दिवसही मी चुकवला नव्हता. मी भिंतीच्या बाजूने शिरले नाही, समोरून गेले. लोणी बोटांवर वितळत नव्हतं इतकी बोटं गार पडली होती. आधी डावा खांदा चोळला, मग उजवा. जुवाने घट्टा पडलेली कातडी लोण्याखाली हळूहळू मऊ झाली. लोक विचारतात, भीती गेली का. गेली नाही. दरवर्षी दोन्ही खांदे होईपर्यंत मी श्वास धरून असते. नवाब रवंथ करत असतो.